पत्रांची आवक-जावक

आमच्या मंडळातील एका ज्येष्ठ ताईंच्या घरी, ऑन्टारियोतील ब्रॅम्प्टन येथे, आम्ही गेल्या हिवाळ्यात एक जुनी वही पाहिली. शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची, नागपूरहून येताना ट्रंकेत आणलेली. प्रत्येक पानाच्या मधोमध पट्टीने रेघ ओढून दोन भाग केलेले. डाव्या भागावर शब्द ‘आले’ आणि उजव्या भागावर ‘गेले’. खाली अनुक्रमांक, तारीख, नाव आणि चार-पाच शब्दांत मजकुराचा सारांश. आईच्या पत्रापुढे लिहिले आहे, ‘कौलांचे काम झाले.’ धाकट्या भावाच्या पत्रापुढे, ‘फी भरली, पोच.’ मधूनच एका पत्रमैत्रिणीचे नाव येते. ती मॅनिटोबातील. एका मासिकाच्या पत्रमैत्रीच्या सदरातून ओळख झालेली, आणि शेवटपर्यंत प्रत्यक्ष न भेटलेली. तिच्या नावापुढे एके ठिकाणी एवढेच लिहिले आहे, ‘बुद्ध कोण, असे विचारते. सविस्तर लिहिणे.’

ताईंना आम्ही विचारले, हा खटाटोप कशासाठी? त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘पत्रे वाटेत एकमेकांना ओलांडून जात. उत्तर नेमके कोणत्या पत्राचे, हेच कळत नसे.’

या एका वाक्यात पत्रव्यवहाराच्या नोंदीचा सारा इतिहास सामावला आहे, असे आम्हांस वाटते. कॅनडाने १९६७ साली स्थलांतरासाठी गुणांकन पद्धत स्वीकारली आणि शिक्षण व कौशल्य यांच्या बळावर आशियातील माणसांना या देशाचे दार उघडले. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत आपल्यातील जी पहिली कुटुंबे येथे आली, त्यांचा घराशी असलेला संबंध हवाई पत्रांवर टिकून होता. पातळ निळा कागद, तीन घड्या आणि आत दुसरे काही घालण्यास मनाई. ते पत्र वस्तीत पोहोचून उत्तर परत येईपर्यंत सहज महिना उलटत असे. त्या महिन्यात इकडून आणखी दोन पत्रे गेलेली असत. ‘तुझ्या मागील पत्रात’ असे आईने लिहिले, तर तिच्या दृष्टीने मागील कोणते, हा प्रश्न उरे. म्हणून पत्राच्या कोपऱ्यात क्रमांक घालण्याची रीत अनेक घरांत आपोआप रुजली.

त्या रीतीचे मोल ताईंना १९८१ च्या उन्हाळ्यात कळले. त्या वर्षी कॅनडातील टपाल कामगारांचा संप ४२ दिवस चालला. पगारी प्रसूती रजा ही त्या संपाची एक मुख्य मागणी होती, आणि कामगारांनी ती १७ आठवड्यांची रजा मिळवली. मुंबई विधिमंडळात १९२८ साली बाबासाहेबांनी स्त्री कामगारांच्या प्रसूतिलाभाच्या विधेयकाची बाजू मांडली होती, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्या लढ्याबद्दल आपुलकीच वाटेल. परंतु ताईंच्या वहीत त्या ४२ दिवसांत ‘आले’ हा रकाना कोरा आहे. संप मिटल्यावर चार पत्रे एकाच दिवशी आली. त्यांनी ती क्रमांकाने लावली आणि क्रमानेच उघडली. पहिल्यात आईचा ताप होता, दुसऱ्यात दवाखाना, तिसऱ्यात थोडा उतार. चौथ्या पत्रापुढे वहीत सारांश नाही, फक्त तारीख आहे. ‘आधी चौथे हाती आले असते तर?’ असे त्या म्हणाल्या आणि थांबल्या. क्रमाने वाचल्यामुळे आईच्या शेवटच्या दिवसांची सोबत आपल्याला निदान कागदावर तरी मिळाली, असे त्यांचे मन त्यांना सांगत आले आहे.

आलेल्या-गेलेल्या कागदाची नोंद ठेवणे ही महाराष्ट्राच्या मातीत नवी गोष्ट नाही. मराठेशाहीच्या पत्रांवर कागद हाती आल्याची नोंद ‘पै॥’ म्हणजे पैवस्ती या खुणेने केलेली आढळते, आणि तिच्यापुढे तिथी असते. पत्र लिहिल्याचा दिवस आणि पावल्याचा दिवस या दोहोंमधील अंतरावरून बातमी किती वेगाने पोहोचली, हे आज इतिहासकार मोजतात. कागदाची नोंद करणाऱ्या खात्याला बारनिशी म्हणत. तो शब्द महाराष्ट्रातील जिल्हाधिकारी कार्यालयांत अजून जिवंत आहे. बारनिशी शाखेत अर्ज द्यावा, शिक्का घ्यावा, आवक क्रमांक टिपून ठेवावा, हे आपल्या आईवडिलांना पाठ होते. जमिनीचा, शिष्यवृत्तीचा किंवा जातीच्या दाखल्याचा अर्ज ज्याने केला आहे, त्याला माहीत आहे की आवक क्रमांक नसेल तर कचेरीच्या लेखी तो अर्ज जन्मालाच आलेला नसतो.

या दप्तराच्या इतिहासाला आपल्या दृष्टीने दुसरी एक बाजू आहे. गावोगावी सरकारी कागद एका गावाहून दुसऱ्या गावी पोहोचवणे हे महार वतनाच्या कामांपैकी एक होते. पाऊस असो, रात्र असो, घरात आजारी माणूस असो, बोलावणे आले की निघावे लागे. घरचा कर्ता पुरुष नसेल तर दुसऱ्याने जावे. त्या मोबदल्यात तुटपुंजी इनाम जमीन आणि बलुत्याची भाकर. आपल्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या कागद वाहिले, पण त्या कागदांत काय लिहिले आहे ते वाचण्याची मुभा त्यांना नव्हती. बारनिशीच्या नोंदीत कागद पाठवणाऱ्याचे नाव असे, घेणाऱ्याचे असे. आणणाऱ्याच्या पायांची नोंद कोणी ठेवणार नव्हते. या गुलामीच्या मुळावर घाव घालण्यासाठी बाबासाहेबांनी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक १९२८ साली मुंबई कौन्सिलात मांडले. कनिष्ठ गावकामगार वतने नष्ट करणारा कायदा मात्र १९५८ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर आला. म्हणून ब्रॅम्प्टनच्या त्या वहीतील ‘आले’ आणि ‘गेले’ हे दोन शब्द आम्हांस साधे वाटत नाहीत. दुसऱ्यांची पत्रे वाहणाऱ्यांच्या नातीने स्वतःच्या पत्रांचे दप्तर मांडले होते.

पत्रमैत्री म्हणावी अशी एक कथा बौद्ध परंपरेतही आहे. मज्झिम निकायातील धातुविभंग सुत्तात पुक्कुसाति नावाचा कुलपुत्र येतो. अट्ठकथेच्या सांगण्याप्रमाणे तो तक्षशिलेचा राजा, आणि मगधाचा राजा बिंबिसार हा त्याचा मित्र. दोघांची कधीच भेट झालेली नव्हती. तक्षशिलेचे व्यापारी राजगृहास आले, तेव्हा त्यांच्या तोंडून दोघांनी एकमेकांचे गुण ऐकले आणि व्यापाऱ्यांच्याच हस्ते संदेश व भेटी जाऊ-येऊ लागल्या. पुक्कुसातीने मौल्यवान वस्त्रे पाठवली. याला उत्तर म्हणून काय पाठवावे, याचा बिंबिसाराने विचार केला आणि सोन्याच्या पत्र्यावर त्रिरत्नांचे गुण व धम्माचा सार कोरून पाठवला. तो लेख वाचून पुक्कुसातीने राज्य सोडले आणि तो पायी राजगृहास आला. तेथे एका कुंभाराच्या घरी ज्या भिक्षूबरोबर त्याने रात्र काढली, ते प्रत्यक्ष तथागत होते. उपदेश ऐकताना त्याने त्यांना ओळखले. परंपरेने अशा मित्राला ‘अदृष्ट सहायक’ म्हटले आहे, म्हणजे न पाहिलेला मित्र. त्या मॅनिटोबाच्या मैत्रिणीला ताई जेव्हा ‘बुद्ध कोण’ हे सविस्तर लिहीत होत्या, तेव्हा त्या याच वाटेने चालल्या होत्या.

नोंदीचे शास्त्र म्हणाल तर ते एका गणितज्ञाने मन लावून मांडले आहे. ‘ॲलिस’च्या गोष्टींचे लेखक लुईस कॅरोल, म्हणजे ऑक्सफर्डचे चार्ल्स डॉजसन, यांनी १ जानेवारी १८६१ पासून आपल्या पत्रांची नोंदवही ठेवली. प्रत्येक पत्राला क्रमांक, तारीख, आले की गेले, कोणाचे, आणि एका ओळीत सारांश. समासात मागच्या आणि पुढच्या संबंधित पत्राचा क्रमांक, म्हणजे एका धाग्याची सारी पत्रे क्षणात हाती यावीत. १८९० साली त्यांनी पत्रलेखनावर एक छोटी पुस्तिका काढली आणि तीत ही पद्धत नमुन्यासह समजावून सांगितली. १८९८ साली ते वारले, तेव्हा वहीतील शेवटचा क्रमांक ९८,७२१ होता. पुढे ती नोंदवहीच हरवली. त्यांची हजारो पत्रे जगभर ज्यांनी जपली त्यांच्याकडे राहिली, पण त्या साऱ्यांना एकत्र बांधणारी वही गेली. नोंद ठेवणारा माणूस पुरेसा नसतो. त्याच्या मागे ती सांभाळणारा कोणी लागतो, हे या गोष्टीवरून दिसते.

बाबासाहेबांच्या पत्रांबाबत आपण भाग्यवान ठरलो ते अशा सांभाळणाऱ्यांमुळे. नाशिकचे दादासाहेब गायकवाड यांना बाबासाहेबांनी दीर्घकाळ पत्रे लिहिली. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. त्याची आखणी, पैशांची चणचण, कार्यकर्त्यांची भांडणे, वकिलीची गडबड, हे सारे त्या पत्रांत आहे. ३ मार्च १९३४ च्या पत्रात त्यांनी मंदिरप्रवेशाची चळवळ का थांबवावी, हे सांगितले आहे. लोकांना मूर्तिपूजक करण्यासाठी ही चळवळ नव्हती, त्यांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी यासाठी होती, आणि तो हेतू साधल्यावर शक्ती शिक्षणाकडे व राजकारणाकडे वळवावी, असा त्या पत्राचा आशय आहे. दादासाहेबांनी ही पत्रे चुलीत जाऊ दिली नाहीत, म्हणून १९३५ च्या येवल्याच्या घोषणेआधी दीड वर्ष बाबासाहेबांच्या मनात काय चालले होते, हे आज आपल्याला तारखेसह कळते. मात्र असे पत्रसंग्रह वाचताना आपल्याला ऐकू येतो तो मुख्यतः एकाच बाजूचा आवाज. नाशिकहून काय लिहून गेले, कोणत्या प्रश्नाचे हे उत्तर, याचा बराचसा अंदाज बांधावा लागतो.

बाबासाहेबांच्या पश्चात त्यांचे कागदपत्र बरीच वर्षे न्यायालयीन व सरकारी ताब्यात पेट्यांत बंद होते. महाराष्ट्र शासनाच्या समितीसाठी वसंत मून यांनी त्या कागदांवर अपार कष्ट घेतले आणि १४ एप्रिल १९७९ रोजी लेखन-भाषणांचा पहिला खंड बाहेर आला. पुढे त्याच मालिकेत पत्रव्यवहाराचाही खंड निघाला. पेटीतील कागदाला क्रमांक देणे, तारीख लावणे, कोणाला लिहिले ते ठरवणे हे काम सभेत टाळ्या मिळवून देत नाही. पण ते झाले नसते, तर आपल्या हाती आख्यायिका राहिल्या असत्या, इतिहास नाही.

दोन्ही बाजू एकत्र सापडण्याचे एक लखलखीत उदाहरण आमच्या या खंडातच आहे. १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे विचारवंत नेते डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिले. आपली प्रत्यक्ष भेट नाही, पण पीडितांच्या मुक्तीसाठी झटणारा प्रत्येकजण तुम्हांला नावाने ओळखतो, अशा अर्थाने पत्राची सुरुवात होते. दोन समाजांच्या स्थितीतील साम्य सांगून, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या दोन-तीन प्रती त्यांनी मागितल्या. डु बॉइस यांचे उत्तर ३१ जुलै १९४६ चे आहे. नॅशनल निग्रो काँग्रेसचे निवेदन सोबत पाठवतो, याहून सविस्तर निवेदन दुसरी संस्था सादर करील तेव्हा तेही पाठवीन, आणि भारतातील अस्पृश्यांविषयी आपल्याला पूर्ण सहानुभूती आहे, असे त्यांनी कळवले. ते सविस्तर निवेदन, ‘ॲन अपील टु द वर्ल्ड’, ऑक्टोबर १९४७ मध्ये खरोखरच सादर झाले.

ही दोन्ही पत्रे आज मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथील संग्रहात शेजारी शेजारी वाचता येतात. डु बॉइस आलेली पत्रे जपत आणि गेलेल्यांची प्रतही ठेवत, म्हणून हा संवाद दोन्ही बाजूंनी उरला. संग्रहाच्या यादीत बाबासाहेबांच्या पत्रापुढे ‘अंदाजे जुलै १९४६’ असे लिहिले आहे. उत्तराची तारीख पक्की आहे, म्हणूनच पत्राच्या काळाचाही अंदाज बांधता येतो. एका पत्राची नोंद दुसऱ्या पत्राला आधार देते ती अशी. न पाहिलेल्या दोन मित्रांचा हा व्यवहार आहे, आणि बाबासाहेबांच्या दादरच्या घराचे नाव ‘राजगृह’ होते, हे आठवले की बिंबिसार-पुक्कुसातीची कथा आम्हांस अधिकच जवळची वाटते.

बाबासाहेबांची शेवटची रात्रही पत्रांच्या सान्निध्यात गेली. ५ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत नानकचंद रत्तू यांनी टंकलिखित केलेले जे कागद त्यांनी टेबलावर ठेवण्यास सांगितले, त्यांत ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ची प्रस्तावना होती आणि आचार्य अत्रे व एस. एम. जोशी यांना लिहिलेली पत्रेही होती. रिपब्लिकन पक्षाच्या उभारणीसाठी ती पत्रे लिहिली होती. ज्यांना आयुष्यभर लाखो माणसांसमोर बोलता आले, त्यांनी शेवटच्या रात्रीही एकेका माणसाला उद्देशून लिहिलेला कागद पुन्हा तपासण्यासाठी जवळ ठेवला होता.

१९४६ च्या त्या पत्रातील प्रश्न पुढे कॅनडातूनही विचारला गेला. १९९० च्या दशकात टोरोंटोहून योगेश वऱ्हाडे यांच्या ‘आंबेडकर सेंटर फॉर जस्टिस अँड पीस’ने जातिभेदाचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठांवर नेला. वंशभेद निर्मूलन समितीने १९९६ साली भारताच्या अहवालावर मत देताना जातीची स्थिती ‘वंशपरंपरा’ या संज्ञेत येते असे म्हटले, आणि २००२ साली त्यावर स्वतंत्र सर्वसाधारण शिफारस केली. जगभरच्या अनेक संस्थांनी केलेल्या कामाचे हे फळ होते. अशा कामात निवेदने, स्मरणपत्रे, पोच, पुन्हा निवेदने अशी कागदांची किती रास लागते, ते करणाऱ्यालाच ठाऊक. त्यातील कॅनडातून गेलेल्या कागदांच्या प्रती आज कोणाच्या तळघरात, कोणत्या खोक्यात आहेत, हे आपण विचारले पाहिजे.

कारण पहिल्या पिढीची घरे आता रिकामी होऊ लागली आहेत. मोठे घर विकून लहान सदनिकेत जाताना, किंवा आईवडील गेल्यानंतर तळघर आवरताना, मुले भांडी वाटून घेतात, छायाचित्रे ठेवतात, आणि देवनागरीतील निळ्या कागदांचे गठ्ठे पुनर्वापराच्या डब्यात जातात. त्यांत मुलांचा दोष नाही. त्यांना ती लिपी वाचता येत नाही, आणि त्या कागदांत काय आहे हे त्यांना कोणी सांगितलेलेही नसते. पण त्या गठ्ठ्यांत वस्तीतील पहिल्या पदवीधराची बातमी असते, विहाराच्या वर्गणीचा हिशेब असतो, नामांतराच्या काळात जळालेल्या घरांचे वर्णन असते. आपल्या समाजाने हजारो वर्षे स्वतःचे लिहून ठेवलेले फारसे काही पाहिले नाही. जे पहिल्या दोन पिढ्यांनी लिहिले, ते तिसऱ्या पिढीत नष्ट व्हावे, हे आपल्याला परवडणारे नाही.

म्हणून आमची वाचकांना साधी विनंती आहे. गठ्ठा फेकण्यापूर्वी एक वही घ्यावी. प्रत्येक पत्राला पेन्सिलीने बारीक क्रमांक द्यावा. वहीत क्रमांक, पत्रावरील तारीख, पाकिटावरील टपाल शिक्क्याची तारीख, कोणाचे, कोणाला, कोठून, आणि एका ओळीत मजकूर लिहावा. तारीख नसेल तर मजकुरावरून अंदाज करून ‘अंदाजे’ हा शब्द स्पष्ट लिहावा. पाकिटे टाकू नयेत. पिनकोडवरूनही काळ कळतो. भारतात तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी, श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या योजनेनुसार, सुरू झाला, आणि कॅनडाचा संकेतांकही त्याच सुमाराचा. ज्यांच्याशी पत्रव्यवहार होता त्यांना, अथवा त्यांच्या मुलांना, आपण पाठवलेली पत्रे त्यांच्याकडे आहेत का, हे विचारावे. ‘आले’ आपल्याकडे असते, ‘गेले’ नेहमी दुसऱ्याच्या घरी असते. दोन्ही घरांनी वह्या मांडल्या तरच संवाद पुरा होतो. खाजगी दुःखाची पत्रे उघड करण्याची घाई करू नये. नोंद ठेवणे आणि प्रसिद्ध करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजच्या मोबाइलवरील संदेशांचीही हीच अवस्था आहे. दोन निळ्या खुणा संदेश वाचल्याचे सांगतात, पण फोन बदलला की संदेशही जातो आणि खुणाही. वर्षातून एकदा महत्त्वाचे संदेश कागदावर उतरवणे फार कठीण नाही.

ताईंची वही आम्ही त्यांच्या परवानगीने पानपान छायांकित करून घेतली आहे. शेवटच्या पानावर ‘गेले’ या रकान्यात मॅनिटोबाच्या मैत्रिणीला पाठवलेले एक पत्र आहे. त्याच्यासमोर ‘आले’ हा रकाना मोकळा आहे. ताईंनी ती जागा तशीच सोडली, तिच्यावर दुसरे काही लिहिले नाही. उत्तर आले नाही, याचीही ती नोंदच आहे. त्या मैत्रिणीच्या घरी, कोणाच्या तरी पेटीत, ताईंनी सविस्तर लिहिलेले बुद्धाचे पत्र अजून असेल, अशी आशा आम्ही बाळगतो, आणि आमच्या वाचकांना आपापल्या घरची पेटी या वर्षावासात उघडण्याचे आवाहन करतो.